अर्ज द्या, पोच घ्या: कॉलेजातल्या मुलींच्या बाजूने कायदा नेमकं काय सांगतो

नवरात्राच्या आठवडाभर आधीची गोष्ट. माझी भाची घणसोलीहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ठाण्याला माझ्याकडे आली. झोळीत अडीच महिन्यांचं बाळ, आणि बाळाच्या लंगोट-दुपट्यांच्या पिशवीत चार घड्या घातलेला एक कागद. कॉलेजच्या बोर्डावर लागलेल्या डिफॉल्टर लिस्टचा तिने मोबाइलवर फोटो काढला होता आणि स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रिंट मारून आणली होती. तिच्या नावापुढे हजेरी ३८ टक्के. हवी ७५. खाली एकच ओळ, की या विद्यार्थ्यांना सत्र परीक्षेला बसता येणार नाही.

"मावशी, मी काय कॅन्टीनमध्ये बसून होते का गं? मी दवाखान्यात होते," ती म्हणाली. ऑफिसच्या खिडकीत तिला उत्तर मिळालं होतं, नियम सगळ्यांना सारखा. घरचे म्हणत होते, राहू दे आता, बाळ मोठं झालं की बघू. आधीची सगळी सत्रं पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी एम.कॉम.च्या उंबऱ्यावरून मागे फिरायच्या बेतात होती.

मी एका महिला संस्थेचं काम करते आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्या खोल्यांमध्ये ऐकलेलं काहीही मी इथे लिहिणार नाही, कारण ते गुप्त राखणं कायद्यानेच माझ्यावर बंधनकारक आहे. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती सांगते. कायदा कमी पडला म्हणून मुलगी हरली, असं फार थोड्या वेळा होतं. बहुतेक वेळा कायदा फाइलीत असतो, मुलगी खिडकीपाशी असते आणि दोघांची गाठच पडत नाही. ती गाठ पडावी म्हणून हा लेख.

आधी "नियम सगळ्यांना सारखा" या वाक्याकडे बघू, कारण मुलींना परत पाठवायला हेच वाक्य सगळ्यात जास्त वापरलं जातं. ऐकायला ते न्याय्य वाटतं. पण वर्गात बसलेल्या साठ मुलामुलींपैकी बाळंतपण एखाद-दुसरीच्याच वाट्याला येतं, आणि ती ते पुढे ढकलू शकत नाही. तिलाही तीच फूटपट्टी लावली की नियम कागदावर सारखा राहतो आणि परिणाम मात्र एकीवरच होतो. आपल्या राज्यघटनेने हे ओळखलं आहे. कलम १४ समानता देतं, आणि कलम १५ च्या तिसऱ्या उपकलमात स्त्रिया आणि बालकांसाठी विशेष तरतूद करायला सरकारला मोकळीक दिली आहे. म्हणजे बाळंतिणीसाठी वेगळा नियम करणं ही मेहेरबानी ठरत नाही. ते घटनेत बसणारं काम आहे.

आता कोणत्या कागदात किती जोर असतो हे समजून घ्यायला हवं. इथे माझ्या सोसायटीचं उदाहरण देते, कारण ठाण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ते कळतं. सहकारी संस्थांचा कायदा विधिमंडळाने केलेला असतो. त्याच्या खाली सोसायटीचे उपविधी येतात. त्याच्याही खाली सेक्रेटरीने लिफ्टशेजारी लावलेली नोटीस. नोटिशीला उपविधी मोडता येत नाहीत आणि उपविधींना कायदा मोडता येत नाही. उच्च शिक्षणात हीच उतरंड आहे. वर संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा. त्याखाली विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, राजपत्रात छापलेले विनियम. हे कॉलेजांवर बंधनकारक असतात. मग यूजीसीची पत्रं आणि परिपत्रकं, ज्यांत बहुधा विनंती किंवा सूचना असते. आणि राज्य सरकारचा शासन निर्णय, ज्याला आपण सगळे जीआर म्हणतो. कॉलेजच्या बोर्डावरची नोटीस या सगळ्यांच्या तळाशी. खिडकीत कुणी "आमच्या कॉलेजचा नियम आहे" म्हणालं, तर शांतपणे विचारायचं: तो कोणत्या विनियमावर आधारलेला आहे?

माझ्या भाचीचं प्रकरण नेमकं या उतरंडीच्या मधल्या पायरीवरचं होतं. पीएचडी करणाऱ्या मुलींसाठी यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांतच लिहिलेलं आहे की संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपनाची रजा मिळू शकते. शिवाय प्रबंध पूर्ण करायला दोन वर्षं जास्तीची सवलत मिळू शकते, एकूण मर्यादा दहा वर्षं. बी.ए., बी.कॉम., एम.ए., एम.कॉम.च्या मुलींसाठी मात्र असा स्पष्ट विनियम नाही. त्यांच्यासाठी आहे १४ डिसेंबर २०२१ चं यूजीसीचं पत्र. त्यात सगळ्या कुलगुरूंना सांगितलं आहे की विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेसाठी योग्य नियम करा आणि हजेरीत सवलत, परीक्षा फॉर्मला मुदतवाढ अशा सोयी द्या. पत्र आहे, म्हणून ते धरून दम देता येत नाही. पण ते हातात नसताना बोलणं आणि ते पुढे ठेवून बोलणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय न्यायालयं या पत्राच्या दिशेनेच विचार करत आहेत. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातल्या एका विद्यापीठाची एम.एड.ची विद्यार्थिनी गेली होती. विद्यापीठाने तिची प्रसूती रजा नाकारली होती. न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि तिच्या अर्जाचा नव्याने विचार करायला सांगितलं.

भाचीच्या अर्जाकडे पुढे येते. त्याआधी ज्या विषयावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत तो घेते: लैंगिक छळाची तक्रार आणि ती ऐकणारी समिती.

हिचं नाव अंतर्गत तक्रार समिती; कॉलेजात सगळे हिला आयसीसी म्हणतात. मुळाशी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल, त्यावर उभा राहिलेला त्याच विषयावरचा २०१३ चा कायदा, आणि कॉलेज-विद्यापीठांसाठी खास यूजीसीचे २०१५ चे विनियम, जे २ मे २०१६ रोजी राजपत्रात आले. कंपनीतल्या समितीत आणि कॉलेजच्या समितीत मोठा फरक या विनियमांनी केला आहे. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले हवेत. प्राचार्यांनी आवडते तीन उचलून बसवले, असं चालत नाही. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिकाच हवी. निम्म्याहून कमी स्त्रिया असलेली समिती वैध ठरत नाही. आणि जे फारसं कुणाला माहीत नसतं ते हे, की कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा सत्तेच्या खुर्चीवरच्या व्यक्तींना समितीत बसता येत नाही. कारण सरळ आहे. ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्याच्यासमोर मुलगी तोंड उघडणार नाही.

कॉलेजच्या बोर्डाकडे एकदा नीट बघा. काचेच्या कपाटात परीक्षेचं वेळापत्रक, स्पोर्ट्सची नोटीस, आणि त्यांच्या मागे अर्धवट झाकलेली, कडा पिवळ्या पडलेली समितीची यादी. त्यातल्या एक बाई निवृत्त झालेल्या, विद्यार्थी प्रतिनिधी पास होऊन नोकरीला लागलेले, फोन नंबर बंद. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. समितीत कोण आहे, त्यांचा ईमेल आणि फोन काय, तक्रार कशी करायची, हे वेबसाइटवर सहज सापडलं पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ च्या निकालात बजावलं आहे. तुमच्या कॉलेजची यादी शिळी असेल तर कुणावरही प्रसंग येण्याची वाट बघू नका. आजच प्राचार्यांना दोन ओळींचा अर्ज द्या, की अद्ययावत यादी लावावी. मला विचाराल तर कॉलेजात शिरल्यावर मुलीने करायचं हे पहिलं काम आहे.

"पण हे कॉलेजच्या बाहेर घडलं," असं म्हणून किती मुली गप्प बसतात! विनियमांत कॅम्पसची व्याख्या चांगली लांबरुंद आहे. कॉलेजने दिलेली बस, अभ्यास सहल, शिबिर, फेस्टिव्हल, क्रीडा स्पर्धा, इंटर्नशिप, थोड्या दिवसांची प्लेसमेंट, हे सगळं त्यात येतं. म्हणजे घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॉलेजच्या बसमध्ये घडलेलं, आयव्हीला, म्हणजे कारखाना बघायच्या सहलीला, गेल्यावर हॉटेलच्या जिन्यात घडलेलं, महापे किंवा ऐरोलीच्या ऑफिसात कॉलेजमार्फत केलेल्या इंटर्नशिपमध्ये घडलेलं, तिन्हींबद्दल समितीकडे जाता येतं.

वेळेचं गणित लक्षात ठेवायला हवं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. उशीर झाला आणि त्याला कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. लिहिता येत नसेल, हात थरथरत असेल, तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. मुलगी शारीरिक किंवा मानसिक अवस्थेमुळे स्वतः येऊच शकत नसेल, तर मैत्रीण, नातेवाईक किंवा समुपदेशक तिच्या वतीने तक्रार देऊ शकतात. तक्रार आल्यावर सात दिवसांत समोरच्याला प्रत जाते, त्याला उत्तराला दहा दिवस मिळतात, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. अहवाल आल्यावर संस्थेने ३० दिवसांत कारवाई करायची, आणि कुणालाही अपील करायचं असेल तर त्यालाही ३० दिवसच.

आणि चौकशी चालू असताना? मुलींची खरी भीती इथेच असते. तोच सर माझा पेपर तपासणार, तोच तोंडी परीक्षेला बसणार. विनियम सांगतात की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या परीक्षेपासून, मूल्यमापनापासून दूर ठेवता येतं. वर्ग किंवा विभाग बदलता येतो, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, आणि त्या रजेने तिचं नुकसान होऊ द्यायचं नसतं. पण हे आपोआप होतं असं धरून चालू नका. तक्रारीच्या अर्जातच वेगळ्या परिच्छेदात मागा: "चौकशी पूर्ण होईपर्यंत अमुक यांना माझ्या परीक्षेच्या कामातून दूर ठेवावं."

"मिटवून टाका" हा सल्ला तर ठरलेलाच. समेट कायद्यात आहे, पण तो मागायचा अधिकार फक्त तक्रार करणारीचा. दुसऱ्या कुणी तिच्यावर लादायचा नाही, आणि पैसे घेऊन-देऊन तर मुळीच नाही. तसंच, तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरली असा अर्थ होत नाही. मुद्दाम खोटं रचलं असेल तरच तिच्यावर कारवाई होऊ शकते. मी मुलींना हे सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो.

समितीवर बसणाऱ्यांसाठीही एक गोष्ट मनापासून सांगते. १२ मे २०२३ चा जो निकाल वर सांगितला, तो गोव्यातल्या एका विद्यापीठातला होता. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने घाईघाईत, मे महिन्याच्या दोन आठवड्यांत एकापाठोपाठ बैठका घेऊन चौकशी उरकली. समोरच्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीला पाठवलं. चौदा वर्षांनी. त्या मुली तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. आरोपीला नीट ऐकून घेणं हे तक्रारदार मुलीच्याच भल्याचं असतं, नाहीतर तिला मिळालेला न्याय न्यायालयात टिकत नाही.

मुलांना आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांना यात जागा आहे का, हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात येतो. आहे. याच विनियमांत म्हटलं आहे की लिंगाधारित हिंसा प्रामुख्याने स्त्रियांवर होत असली तरी काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही तिचे बळी ठरतात, आणि संस्थेने त्या सगळ्यांसाठी ठाम पावलं उचलायची आहेत. पोलिसांकडे जायचा रस्ता वेगळा आहे आणि तो कायम उघडा असतो. समितीकडे तक्रार केली म्हणून पोलीस ठाण्यात जाता येत नाही असं काही नाही. तातडीचा प्रसंग असेल तर ११२.

आता पैशाचं. ८ जुलै २०२४ च्या जीआरने महाराष्ट्रात मोठा बदल केला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं मिळायचं. इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ अशा शाखांना जाणाऱ्या किती घरांचा हिशोब यामुळे बदलला आहे, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. भावाला इंजिनिअरिंग आणि बहिणीला घराजवळचं बी.कॉम., ही वाटणी आता फीच्या नावाखाली करता येत नाही.

पण नवी मुंबईतल्या पालकांनी इथे थांबून वाचावं. ही सवलत सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेल्या प्रवेशाला आहे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला नाही. आणि खाजगी अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं यांना ती लागू नाही. नेरूळपासून पनवेलपर्यंत अशा संस्था भरपूर आहेत. त्यांची इमारत मोठी, गेट मोठं, आणि नावात विद्यापीठ. फॉर्म भरताना हे कुणी सांगत नाही आणि महाडीबीटीवर, म्हणजे सवलतीचा अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलवर, कॉलेजचं नाव शोधताना घरच्यांच्या लक्षात येतं. तेव्हा पहिला हप्ता भरून झालेला असतो. म्हणून पसंतीक्रम भरायच्या आधी कॉलेजला लेखी विचारा की तुम्ही या जीआरमध्ये बसता का. दाखले मे महिन्यातच काढून ठेवा. ऐरोली-घणसोलीवाल्यांचा उत्पन्नाचा दाखला ठाणे तहसीलमधून आणि खारघर-कामोठेवाल्यांचा पनवेलमधून निघतो, कारण एकच शहर वाटलं तरी नवी मुंबई दोन जिल्ह्यांत विभागली आहे.

बाकीच्या तक्रारींसाठी, म्हणजे जादा फी मागितली, ओरिजिनल कागद अडवून ठेवले, निकाल लांबवला, मुलगी किंवा मागासवर्गीय म्हणून भेदभाव केला, यासाठी यूजीसीचे २०२३ चे तक्रार निवारण विनियम आहेत. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात किमान एक स्त्री हवी, आणि तक्रार आल्यापासून कामकाजाच्या पंधरा दिवसांत तिने शिफारशी द्यायच्या असतात. पटलं नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील. लोकपालाने ३० दिवसांत निकाली काढायचं. ओरिजिनल मार्कशीट अडवून फी वसूल करणं या विनियमांप्रमाणे सरळ तक्रारीचा विषय आहे, कितीही जुनी रीत असली तरी. आणि मन खचलं असेल तर: २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

यातलं काहीही तोंडी मागू नका. तोंडी मागितलेलं कॉलेजच्या लेखी घडलेलंच नसतं.

भाचीचा अर्ज आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला. बाळ मांडीवर, ती सांगतेय, मी लिहितेय. दहा ओळी. वर तारीख आणि "मा. प्राचार्य यांस". विषयात "प्रसूतीमुळे झालेल्या अनुपस्थितीस सवलत व परीक्षेस बसण्याची परवानगी". मग ती किती तारखेपासून किती तारखेपर्यंत गैरहजर होती ते लिहिलं आणि डिस्चार्ज कार्ड जोडलं. १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राचा उल्लेख केला आणि त्याची प्रत लावली. चुकलेल्या असाइनमेंट आणि जादा तास भरून द्यायची तयारी दाखवली. शेवटी "निर्णय मला लेखी कळवावा" हे वाक्य. रडगाणं नाही, आरोप नाही. खाली सही, आणि "प्रत माहितीसाठी: विद्यापीठाचा परीक्षा विभाग".

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले, पण खिडकीपाशी तिलाच पुढे केलं. "ठेवून जा, सरांना दाखवते," असं उत्तर आलं. भाचीने झेरॉक्स कॉपी पुढे सरकवली आणि म्हणाली, "मॅडम, यावर पोच द्या ना, इनवर्ड नंबर घालून." आतून रजिस्टर निघालं. शाईचं पॅड वाळलेलं होतं, शिक्का दोनदा मारावा लागला, दुसऱ्यांदा तारीख नीट उठली. त्या बाई वाईट नव्हत्या. बाळाकडे बघून त्यांनीच सांगितलं की परीक्षा समितीची मीटिंग गुरुवारी आहे, त्याआधी सरांना भेटून घे.

भाचीला परवानगी मिळाली, तीन असाइनमेंट आणि जादा तासांच्या अटीवर. लेखी मिळाली. पेपरच्या दिवशी बाळ आणि मी कॉलेजसमोरच्या रिक्षा स्टँडच्या बाकावर बसलो होतो. दीड तासाने ते उठलं, तेव्हा आधीच काढून ठेवलेलं दूध संपवून पुन्हा झोपलं. पोचेचा तो डबल शिक्क्याचा कागद भाचीने अजून टाकलेला नाही. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे.